पोकळ शाफ्टची गोष्ट

गव्हाची काडी आतून पोकळ असते, तरी ओंबीचे ओझे पेलत वाऱ्यात उभी राहते. तेवढ्याच वजनाच्या भरीव काडीपेक्षा पोकळ काडी अधिक बळकट असते, हे गॅलिलिओने १६३८ साली आपल्या ग्रंथात मांडले.

इंजिनातल्या शाफ्टला वाकण्याबरोबर पीळही सोसावा लागतो. पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो, हे फ्रान्समध्ये कूलोमने १७८४ साली तारांवरील प्रयोगांतून दाखवले. आपण फळ्यावर हिशेब करू. ४० मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टला मधोमध २० मिलिमीटरचे आरपार भोक पाडले, तर वजन एक चतुर्थांशाने घटते. पिळाला होणारा विरोध मात्र एक षोडशांशाने, म्हणजे सुमारे ६ टक्केच कमी होतो.

मग सगळेच शाफ्ट पोकळ का केले नाहीत? कारण भोक पाडायचे म्हणजे महागाचे पोलाद विकत घेऊन त्याचा कीस करायचा. शिवाय नळीला मध्येच फुगवटे हवे असतील तर काय करायचे?

याचे उत्तर पाण्यात होते. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे सांगणारा पास्कलचा प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली छापला गेला. त्या तत्त्वावर ब्रामा याने इंग्लंडमध्ये १७९५ साली जलदाबयंत्राचे पेटंट घेतले. पण तेथे पाणी दट्ट्याला ढकलत होते. पाण्याच्या दाबाने नळीच फुगवून घडवण्याची रीत विसाव्या शतकात रुळली. १९४० साली अमेरिकेत नळाचे टी-आकाराचे सांधे असे बनवण्याचे पेटंट दिले गेले. शतकाच्या अखेरीस ही रीत मोटारींच्या कारखान्यांत स्थिरावली.

नळी दोन भागांच्या साच्यात ठेवतात, पाण्याने भरतात आणि दोन्ही टोके दट्ट्यांनी बंद करतात. आतला दाब वातावरणाच्या हजारो पटींपर्यंत नेतात. नळी फुगून साच्याला चिकटते. त्याच वेळी दट्ट्ये टोकांकडून धातू आत रेटतात. रेटा कमी पडला तर भिंत पातळ होऊन फुटते. जास्त झाला तर नळीला सुरकुत्या पडतात. इंजिनाच्या झडपा उघडणारा पोकळ कॅमशाफ्टही असा बनवता येतो.

गॅलिलिओचे निरीक्षण, कूलोमचा प्रयोग आणि पास्कलचा नियम आपण वेगवेगळ्या धड्यांत शिकवतो. या एका नळीत ते एकत्र येतात. जाता जाता वर्गाला एक प्रश्न विचारावा : नळी फुगवायला हवा न वापरता पाणीच का वापरतात? नळी फुटली तर काय होईल, याचा विचार केला की उत्तर सापडेल.