चियांग माई करार
जुलै १९९७ मध्ये थायलंडचे चलन कोसळले आणि पाठोपाठ इंडोनेशिया व दक्षिण कोरियाही नाणेनिधीच्या दारी गेले. स्वतंत्र आशियाई निधीची जपानची सूचना अमेरिकेच्या विरोधामुळे बारगळली; पण नाणेनिधीच्या जाचक अटींचा सल कायम राहिला. त्यातूनच मे २००० मध्ये थायलंडमधील चियांग माई येथे 'आसिआन' देश, चीन, जपान व दक्षिण कोरिया यांनी अडचणीच्या वेळी परस्परांना डॉलर पुरविण्याचे ठरविले. गंमत अशी, की त्यातील मोठा हिस्सा उचलण्यासाठी पुन्हा नाणेनिधीचीच संमती लागे! साहजिकच २००८ च्या संकटात दक्षिण कोरियाने हा करार बाजूला ठेवून अमेरिकी फेडरल रिझर्व्हकडून ३० अब्ज डॉलरची सोय करून घेतली. २०१० मध्ये द्विपक्षीय करारांच्या जागी १२० अब्ज डॉलरची सामाईक व्यवस्था आली, २०१४ मध्ये ती दुप्पट झाली. नाणेनिधीविना मिळू शकणारा हिस्सा २०२१ मध्ये ४० टक्क्यांवर नेण्यात आला.