संदल : झाडाचे आणि तेलाचे

उरुसात मजारीवर चंदनाचा लेप चढवायला जी मिरवणूक निघते, तिला आपण ‘संदल’ म्हणतो. आमच्या वडनेर भोलजीहून सैलानीला जाणाऱ्यांनाही संदलचीच ओढ असते. उर्दू शाळेतल्या माझ्या मुलांना तो मिरवणुकीचाच शब्द वाटतो. मुळात तो झाडाचा. संस्कृतातले ‘चंदन’ फारसी-अरबीत जाऊन संदल झाले आणि त्या नावाने परत इकडे आले. इब्ने सिनाने त्याची गणना थंड औषधांत केली. उन्हाळ्यातले शरबते-संदल त्याच हिकमतीतले.

चंदनाचे तेल सालीत नसते, खोडाच्या गाभ्यात असते. गाभा धरायलाच दहा-पंधरा वर्षे जातात, भरायला आणखी तितकीच. लाकडाचा भुगा करून त्यातून दोन-दोन, तीन-तीन दिवस वाफ काढावी तेव्हा तेल उतरते. त्यातला सँटलॉल हा घटक सावकाश उडतो, म्हणून कपड्याला लागलेला वास दिवसभर टिकतो. कनौजच्या अत्तरवाल्यांनी हेच हेरले. देगेतल्या गुलाबाची वाफ भपक्यात उतरते, तिथे संदलचे तेल आधीच असते. फुलाचा चंचल वास ते धरून ठेवते. गुलाबाच्या अत्तरातही पाया संदलचाच!

या तेलापायी झाडावर मात्र राजाची नजर बसली. टिपू सुलतानने 1792 मध्ये चंदनाला शाही झाड ठरवले. टिपू गेला, मक्तेदारी राहिली. म्हैसूरचे लाकूड युरोपात जाई. 1914 च्या महायुद्धाने तो बाजार तुटला, तेव्हा संस्थानाने 1916 मध्ये बंगळूरला स्वतःचा तेल कारखाना काढला. दिवाण होते विश्वेश्वरय्या. कारखान्याचे कौतुक सगळे करतात. शेतकऱ्याचे कोणी विचारत नाही. झाड त्याच्या बांधावर, मालकी सरकारची, आणि चोरीला गेले तर जाब त्यालाच. मग तो रोपटे उगवताच उपटू लागला. कर्नाटकाने 2001 मध्ये कायदा बदलून झाड जमीनमालकाचे केले, तोवर रानेच्या राने ओस पडली होती.

खरे तेल इतके महागले की पुष्कळ अत्तरांचा पाया आता पॅराफिनचा असतो. चंदन दुसऱ्या झाडांच्या मुळांतून रस ओढून वाढते. रोप लहान असताना त्याला शेजारी तूर चालते. तूर तर आमच्याकडे शेतोशेती आहे.