औषधाच्या रूपानें आलेला रोग

युरोपच्या गोड्या पाण्यांत क्रेफिश नांवाचा एक कवचधारी प्राणी पुरातन काळापासून नांदत आला आहे. भारतांत तो मूळचा नसल्यामुळें मराठींत त्याला घरगुती नांव नाहीं. समुद्रांतील शेवंडीचा हा गोड्या पाण्यांतील आप्त होय. लांबीनें वीतभर, पुढें खेकड्यासारख्या दोन नांग्या, दिवसा दगडांखालीं दडणारा आणि रात्रीं भक्ष्यासाठीं बाहेर पडणारा असा हा जीव. स्वीडन व फिनलंड या देशांत ऑगस्ट महिना उजाडला कीं शेपू घालून उकडलेल्या क्रेफिशच्या मेजवान्या झडतात. एकोणिसाव्या शतकांत फिनलंडांतून हा माल सेंट पीटर्सबर्गच्या बाजारांत जात असे आणि सरोवरांकाठच्या अनेक कुटुंबांच्या संसारास त्याचा हातभार लागे.

या प्राण्यावर १८६० च्या सुमारास उत्तर इटलींत पहिलें संकट कोसळलें. क्रेफिश रोगानें पटापट मरूं लागले. रोग जडलेला क्रेफिश भर दिवसा बाहेर येतो, ताठरलेल्या पायांवर अडखळत चालतो आणि शेवटीं उताणा पडून प्राण सोडतो. १८७४ मध्यें फ्रान्स, त्यापाठोपाठ जर्मनी व रशिया, १८९३ मध्यें फिनलंड, अशी ही साथ सरकत गेली. १९०७ सालीं फिनलंडहून स्टॉकहोमला आलेल्या मालांतील मेलेले क्रेफिश मेलारेन सरोवरांत फेकून देण्यांत आले आणि स्वीडनचेंही दार तिला उघडलें.

हें मरण बुरशीसारख्या एका सूक्ष्म जीवामुळें येतें. त्याचे बीजकण पाण्यांत पोहतात. ओल्या जाळ्याला, होडीला किंवा बुटांना चिकटून ते एका ओढ्यांतून दुसऱ्या ओढ्यांत जातात. माशांना व माणसांना त्यांपासून अपाय नाहीं. त्यामुळें वरून पाणी निर्मळच दिसतें; तळाशीं मात्र स्मशान झालेलें असतें.

ओस पडलेलीं पाणीं पुन्हां भरावीं कशीं, हा प्रश्न तेव्हां उभा राहिला. मत्स्यपालनाचे जाणते माक्स फॉन डेम बोर्न यांनीं १८९० मध्यें अमेरिकेंतून शंभराच्या आसपास क्रेफिश आणवून ओडर नदीच्या खोऱ्यांतील आपल्या तळ्यांत सोडले. त्यांचीच संतति पुढें नद्यांतून व कालव्यांतून मध्य युरोपभर पसरली. स्वीडननें १९६० मध्यें कॅलिफोर्नियांतून ‘सिग्नल’ जातीचे क्रेफिश आणले आणि १९६९ पासून ते मोठ्या प्रमाणावर सोडण्यास आरंभ केला. रूपानें व चवीनें ते देशी क्रेफिशसारखे होते. शिवाय साथींत ते मरत नसत. याहून चांगला उपाय कोणता, असें सर्वांस वाटलें.

परंतु ते मरत कां नसत? तो सूक्ष्म जीव मूळचा उत्तर अमेरिकेचाच. युगानुयुगांच्या सहवासानें तेथील क्रेफिशांचें शरीर त्या बुरशीस कवचांतच कोंडून ठेवण्यास शिकलें आहे. रोग कोंडला जातो, नष्ट होत नाहीं. वाहक धडधाकट राहतो आणि शेजारचा देशी क्रेफिश मरतो. स्वीडिश संशोधक उनेस्ताम यांच्या प्रयोगांतून १९७० च्या सुमारास ही गोष्ट स्पष्ट होत गेली. पण तोंवर पाहुणे अनेक सरोवरांत पोंचले होते.

इतर देशांतही हीच पुनरावृत्ति झाली. स्पेनमध्यें १९७३-७४ सालीं लुइझिआनाचा तांबडा क्रेफिश आणला गेला आणि ग्वादल्किविर नदीकांठच्या भातशेतांचे बांध पोखरूं लागला. इंग्लंडांत १९७० नंतर सिग्नल क्रेफिश पाळण्यांत आले. १९८१ पासून तेथेंही देशी क्रेफिशांत मरी दिसूं लागली. नदीकांठांत बिळें करून ते कांठही ढांसळवितात. जर्मनींत १९९५ च्या सुमारास कांचेच्या हौदांत ‘संगमरवरी’ क्रेफिश आढळला. त्याच्या सर्वच माद्या नराविना प्रजा वाढवितात. म्हणजे हौदांतून ओढ्यांत गेलेली एकच मादी नव्या वसाहतीस पुरे. अखेर २०१६ मध्यें युरोपीय संघानें अशा पांच जाती पाळण्यास, विकण्यास व सोडण्यास बंदी केली.

स्वीडनमधील देशी क्रेफिशांच्या शेकडा नव्वदांहून अधिक वसती आज नाहींशा झाल्या आहेत. इंग्लंडांत तेथील उरलेल्या देशी क्रेफिशांपैकीं कांहीं दगडांच्या जुन्या खाणींतील एकाकी तळ्यांत नेऊन जपले जात आहेत. पाण्यांत एकदां रुजलेला परका क्रेफिश जाळ्यानें वेंचून संपत नाहीं.

या इतिहासांत दुष्ट हेतूचा मनुष्य शोधूनही सांपडत नाहीं. रिकाम्या सरोवरांकडे पाहून कळवळलेले, सूज्ञ व उद्योगी लोकच यांत पुढाकार घेत होते. या रोगांतून कोणता प्राणी वांचतो, एवढें त्यांनीं पाहिलें. तो कशामुळें वांचतो, हें विचारण्याआधींच त्यास पाण्यांत सोडलें. त्या एका प्रश्नाला झालेल्या उशिराची किंमत युरोपच्या नद्या अजून चुकवीत आहेत.