पोटगीचा सरकारी वकील (बुधवार पेठ, पुणे)

पोटगीचा सरकारी वकील : पित्याने पोसण्याचे नाकारलेल्या अपत्याच्या वतीने सरकारी खर्चाने नेमला जाणारा आणि पक्षकाराकडून एका पैचीही फी न घेता न्यायालयात उभा राहणारा विधिज्ञ. लोक त्याला सरकारी वकील म्हणत असले, तरी सरकार हा त्याचा पक्षकार नव्हे. जिल्हा सरकारी वकील दिवाणी दाव्यांत आणि सहायक सरकारी अभियोक्ता फौजदारी खटल्यांत राज्याची बाजू मांडतो. पोटगीच्या अर्जात राज्य हा पक्षच नसतो, कारण तो अर्ज फौजदारी संहितेखाली दाखल होत असला तरी प्रकृतीने बव्हंशी दिवाणी आहे. अमेरिकेत याच्या उलट व्यवस्था आढळते. तेथे १९७५ च्या संघीय कायद्याने प्रत्येक राज्यात बालपोटगीचे स्वतंत्र खाते निर्माण केले; सरकारी मदतीवर जगणाऱ्या कुटुंबाचा पोटगीचा हक्क सरकारकडे वर्ग होतो, आणि खात्याचे वकील पित्याचा माग काढण्यापासून त्याच्या पगारातून रक्कम वळती करून घेण्यापर्यंतचे सर्व काम राज्याच्या नावाने करतात. आपल्याकडे राज्य वकील देते, परंतु स्वतः मागणीदार होत नाही. या फरकाचा सारा भार अखेर आईवर व तिच्या वकिलावर पडतो, आणि तो किती जड असतो हे बुधवार पेठेसारख्या वस्तीत जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

या हक्काचे मूळ एकोणिसाव्या शतकातील फौजदारी संहितांत आहे. निराधार बायकामुलांनी भिकेस लागून समाजावर भार होऊ नये, एवढाच मर्यादित हेतू त्यामागे इंग्रज विधिकारांनी धरला होता. तथापि त्यातून एक उदार तत्त्व आपसूक आले, ते असे की अपत्य औरस असो वा अनौरस, त्याला पोसण्याची जबाबदारी पित्याची आहे. १८९८ च्या संहितेतील कलम ४८८ अन्वये दरमहा जास्तीत जास्त ५० रुपये देववता येत. १९२३ मध्ये ही मर्यादा १०० आणि १९५५ मध्ये ५०० रुपयांवर गेली. १९७३ च्या संहितेने हेच कलम १२५ या क्रमांकाने पुढे चालवले, आणि महागाई कितीही वाढली तरी ५०० चा आकडा २००१ पर्यंत तसाच राहिला. त्या वर्षीच्या दुरुस्तीने कमाल मर्यादा काढून टाकली व अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ आणि कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हे आणखी दोन मार्ग उपलब्ध आहेत. यांपैकी दुसऱ्यात दंडाधिकारी थेट मालकाला नोकराच्या पगारातून रक्कम देण्याचा हुकूम करू शकतो.

मोफत वकिलाची तरतूद त्या मानाने अलीकडची. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये संविधानात अनुच्छेद ३९-अ घातला गेला. त्याला अनुसरून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम झाला, पण तो अमलात येण्यास ९ नोव्हेंबर १९९५ उजाडावे लागले. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्री व बालक यांना, उत्पन्न कितीही असले तरी, विनामूल्य विधी सेवा मिळण्याचा अधिकार आहे. पुण्यात हे काम शिवाजीनगर येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालते. साध्या कागदावरील अर्ज पुरतो. प्राधिकरण आपल्या यादीतील एका वकिलाची नेमणूक करते आणि त्याचे मानधन स्वतः देते. हे मानधन खासगी वकिलीच्या मानाने तुटपुंजे असल्यामुळे नवशिके वकील अनुभवासाठी या यादीत शिरतात व हात बसला की बाहेर पडतात, अशी तक्रार वकीलवर्गातच ऐकू येते. ती सर्वस्वी खोटी नाही. मात्र वर्षानुवर्षे निष्ठेने हेच काम करणारे, बहुधा स्त्री-वकील, प्रत्येक न्यायालयात असतात, हेही तितकेच खरे.

बुधवार पेठ ही पुण्याच्या जुन्या पेठांपैकी एक. मोहियाबाद हे तिचे पूर्वनाम. पेशवाईत शहराच्या कोतवालाची चावडी येथे होती. दुसऱ्या बाजीरावाचा बुधवारवाडा इंग्रजी अमलात सरकारी कचेऱ्यांसाठी वापरला जाई, तो १८७९ च्या आगीत भस्मसात झाला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा उघडली ती याच पेठेतील भिडे वाड्यात. विधवांच्या पोटी येणाऱ्या, पिता ज्यांना नाव देत नाही अशा अर्भकांसाठी त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते १८६३ साली. आज तुळशीबाग, अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने, तपकीर गल्लीतील विजेच्या सामानाची बाजारपेठ आणि दगडूशेठ गणपतीचे मंदिर यांनी पेठेचा दर्शनी भाग व्यापलेला आहे, आणि त्यामागच्या बोळांतून, फरासखाना पोलीस ठाण्याच्या हद्दीत, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची वस्ती आहे. पोटगीच्या वकिलाकडे या दोन्ही बाजूंनी पक्षकार येतात : एकीकडून दुकानांतील नोकरांच्या, कारागिरांच्या परित्यक्ता बायका, दुसरीकडून त्या वस्तीतील माता.

या मातांच्या बाबतीत कायदा वाटतो त्यापेक्षा अधिक अनुकूल आहे, ही गोष्ट पुष्कळ वकिलांच्याही ध्यानात नसते. व्यभिचाराने राहणाऱ्या पत्नीस पोटगी मिळत नाही, हा अपवाद संहितेने केवळ पत्नीपुरता घातला आहे. अपत्याच्या हक्काला आईच्या आचरणाची अट कोठेही जोडलेली नाही. विवाह बेकायदेशीर ठरला, दुसरेपणाचा निघाला, किंवा झालाच नाही, तरी आईची मागणी फेटाळली जाऊ शकेल, मुलाची नाही. मुस्लिम मुलांच्या बाबतीतही, १९८६ चा घटस्फोटित स्त्रियांविषयीचा कायदा आडवा येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्पष्ट केले. म्हणून जाणता वकील अर्ज लिहितानाच मुलाला स्वतंत्र अर्जदार करतो, त्याच्या शाळेचा, दूधभाकरीचा, औषधपाण्याचा खर्च निराळ्या परिच्छेदात मांडतो, आणि आईची मागणी व मुलाची मागणी एकमेकींत मिसळू देत नाही. प्रतिपक्षाचा वकील उलटतपासणीत आईच्या धंद्यावर घसरला, की “हा प्रश्न गैरलागू आहे” एवढी एकच हरकत पुरेशी व्हावी. प्रत्यक्षात ती दर तारखेला नव्याने घ्यावी लागते.

खरी अडचण पितृत्वाच्या पुराव्याची. विवाहात जन्मलेले मूल पतीचेच, असे पुराव्याचा कायदा गृहीत धरतो (१८७२ च्या अधिनियमाचे कलम ११२, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ११६). विवाहाबाहेरच्या मुलाला असे कोणतेही गृहीतक साहाय्यास येत नाही. जनुकीय चाचणी सरसकट मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितले. विदर्भातील एका पोटगीच्या प्रकरणात, २०१४ मध्ये, प्रत्यक्ष झालेल्या चाचणीचा निष्कर्ष कायद्याच्या गृहीतकावर मात करतो असा निर्णय झाला, आणि त्यात तो निष्कर्ष मुलाच्या विरुद्ध गेला होता. चाचणीस नकार देणाऱ्यावर बळजबरी होत नसली तरी त्याच्याविरुद्ध अनुमान काढता येते, एवढाच काय तो आधार. तेव्हा वकिलाला लहानसहान गोष्टी जमवाव्या लागतात : प्रसूतीच्या वेळी रुग्णालयाच्या कागदावर कोणी सही केली, खोलीचे भाडे कोण भरी, मुलाच्या शाळेच्या अर्जावर पिता म्हणून कोणाचे नाव आहे, मोबाइलवरील कोणते संदेश अजून पुसले गेलेले नाहीत. पुष्कळदा आईजवळ एक हाक मारण्याचे नाव आणि एक बंद पडलेला दूरध्वनी क्रमांक, याखेरीज काही नसते. आणि नाव-पत्त्यावाचून समन्स निघत नाही.

येथे दोन न्याय्य गोष्टींचा विरोध उद्भवतो. अविवाहित मातेवर पित्याचे नाव उघड करण्याची सक्ती नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पालकत्वाच्या एका प्रकरणात ठरवले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे प्रथम आईचे नाव लावण्याचा महाराष्ट्र शासनाचा निर्णयही त्याच दिशेचा. पोटगी मागायची तर मात्र तेच नाव भर न्यायालयात उच्चारावे लागते. सगळे समजावून सांगितल्यावर एखादी आई अर्जच नको म्हणते, आणि तो निर्णय तिचाच असल्यामुळे वकिलाने आपल्या उत्साहाला आवर घालणेच उचित. अशा वेळी काम पोटगीकडून शासकीय साहाय्याकडे वळते : एकपालक मुलांनाही लागू असलेल्या बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात, आणि करोनाकाळात, २०२० च्या अखेरीस, राज्याने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना दरमहा ५,००० व शाळकरी मुले असल्यास आणखी २,५०० रुपये दिले होते. पिता सापडत नाही तेथे राज्य थोडेफार देते. पण दिलेले पित्याकडून वसूल करण्याची तजवीज मात्र आपल्या कायद्यात नाही.

दुकाननोकराच्या बायकोला पितृत्वाची अडचण नसते, तिची अडचण उत्पन्नाची. पगार रोखीत, हजेरीपट नाही, पगारचिठ्ठी नाही. मालक “तो आमच्याकडे कधीमधी येतो” म्हणून मोकळा होतो. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र विहित नमुन्यात दाखल केलेच पाहिजे असे बजावले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून देववावी असा दंडक घातला. या प्रतिज्ञापत्राने वकिलाचे काम पुष्कळ सोपे केले आहे. जो मनुष्य दरमहा आठ हजार मिळतात असे शपथेवर लिहितो, त्यालाच दुचाकीच्या कर्जाचा हप्ता चार हजार कसा झेपतो, हे विचारता येऊ लागले.

पुणे शहरात कुटुंब न्यायालय १९८९ मध्ये स्थापन झाले, तेव्हापासून हे अर्ज दंडाधिकाऱ्याऐवजी तेथे चालतात. हिंसाचाराच्या कायद्याखालील अर्ज मात्र दंडाधिकाऱ्यापुढेच बहुधा जातात. कुटुंब न्यायालयात वकिलामार्फत उभे राहण्याचा अधिकार पक्षकाराला नाही, न्यायालयाची परवानगी लागते, हा १९८४ च्या अधिनियमातील नियम पुष्कळांना चमत्कारिक वाटतो. प्रथम विवाह समुपदेशकाकडे जावे लागते. तडजोड झाली तर उत्तमच; पण घाईघाईने केलेल्या तडजोडीत एकरकमी पैशाच्या मोबदल्यात मुलाची पुढची सारी पोटगी सोडून दिल्याचे लिहिले जाते, आणि आईने सोडली म्हणून मुलाचा हक्क सुटत नाही हे तेथेच सांगणारा वकील हवा असतो.

हुकूम झाला म्हणजे अर्धेच काम झाले. रक्कम भरली नाही तर दंडाप्रमाणे वसुलीचे वॉरंट निघते, आणि पुरेशा कारणावाचून थकवलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. तुरुंगात बसला म्हणजे देणे फिटले, असा जो समज देणेकऱ्यांत पसरलेला आहे, तो सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये खोडून काढला : कैद हे वसुलीचे साधन आहे, फेड नव्हे. कर्ता पुरुष परदेशी गेला असेल तर प्रकरण फारच लांबते, कारण १९२१ च्या निर्वाह-आदेश अंमलबजावणी कायद्याची धाव ठरावीक परस्परसंबंधित प्रदेशांपुरती आहे, आणि बालपोटगीच्या आंतरराष्ट्रीय वसुलीसंबंधीच्या २००७ च्या हेग कराराचा भारत सदस्य नाही. पेठेतल्या पेठेत मात्र वसुलीची कथा साधी असते. पोलीस वॉरंट घेऊन दुकानी गेले की त्या दिवशी थोडी रक्कम जमा होते, उरलेली पुढच्या तारखेवर जाते, तीन-चार महिने पैसे येतात आणि पुन्हा बंद पडतात. थकबाकी देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर वॉरंट निघत नाही. म्हणून वकील आपल्या रोजनिशीत प्रत्येक प्रकरणापुढे ती तारीख लिहून ठेवतो, आणि वर्ष भरण्याच्या सुमारास आईला पुन्हा शिवाजीनगरला बोलावून घेतो.