झाकलेल्या बाटलीचा निकाल

वाइन चांगली की वाईट, हे जीभ ठरवते अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पुष्कळदा ते बाटलीवरचे नाव ठरवते. याचा सर्वांत गाजलेला पुरावा २४ मे १९७६ रोजी पॅरिसमधल्या एका हॉटेलात मिळाला.

त्याआधी थोडे मागे जाऊ. फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या लाल वाइनची प्रतवारी १८५५ साली झाली. पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी दलालांनी ती केली, आणि तिचा मुख्य आधार होता बाजारभाव. ज्या मळ्याची वाइन महाग, तो मळा वरच्या पायरीवर! ही उतरंड इतकी पक्की बसली की खालच्या एखाद्या मळ्याला पहिल्या पायरीवर चढायला ११८ वर्षे लागली. १९७३ साली तो मान ‘मूतों रॉथशील्ड’ला मिळाला.

१९७६ हे अमेरिकी स्वातंत्र्याचे दोनशेवे वर्ष. पॅरिसमध्ये वाइनचे दुकान चालवणारे इंग्रज गृहस्थ स्टीव्हन स्परियर यांनी ते निमित्त साधले. कॅलिफोर्नियाच्या सहा आणि बोर्दोच्या चार लाल वाइन त्यांनी नऊ फ्रेंच जाणकारांपुढे ठेवल्या. कोणत्या पेल्यात काय आहे, हे मात्र सांगितले नाही. त्याआधी पांढऱ्या वाइनची फेरी झाली. तीत एका जाणकाराने कॅलिफोर्नियाच्या वाइनचा घोट घेतला आणि ‘आता फ्रान्सला परत आलो’ अशा अर्थाचा समाधानाचा उद्गार काढला! ‘टाइम’ साप्ताहिकाचा बातमीदार तेवढा हजर होता. त्याने हे टिपून ठेवले.

लाल वाइनमध्ये पहिली आली नापा खोऱ्यातली १९७३ची ‘स्टॅग्ज लीप’. दुसरा क्रमांक ‘मूतों’चा. गंमत अशी, की पहिल्या आलेल्या वाइनची द्राक्षे ज्या वेलींची, त्या तेव्हा जेमतेम तीन वर्षांच्या होत्या. त्या लावणारे वॉरन विनियार्स्की पूर्वी शिकागो विद्यापीठात शिकवीत असत.

फ्रान्समध्ये कुरकुर झाली. बोर्दोची वाइन मुरायला वेळ लागतो, असे सांगण्यात आले. मग २००६ साली लंडन आणि नापा इथे त्याच लाल वाइन पुन्हा चाखल्या गेल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाला गेले.

यावरून कॅलिफोर्निया श्रेष्ठ, असे मी म्हणणार नाही. १९७६ साली पहिल्या दोघींतले अंतर किरकोळ होते, आणि परीक्षकांचे आपसांतही जमत नव्हते. ठरले ते एवढेच, की नाव झाकले की मोठेपणाची खात्री डळमळते.

हे घरी पडताळायला पॅरिसला जावे लागत नाही. आम्ही काही मित्र अधूनमधून जमतो. एकाच जातीच्या द्राक्षाच्या, शक्यतो एकाच वर्षाच्या चार बाटल्या आणतो; तीन नाशिककडच्या वेगवेगळ्या मळ्यांच्या, एक परदेशी. एक जण त्या वर्तमानपत्रात गुंडाळून क्रमांक घालतो. तो गुण देत नाही. पेले सारखे, माप दोन-तीन घोटांचे. आपला उकाडा पाहता बाटल्या अर्धा तास फ्रिजमध्ये. चिवडा-शेव दूर, कारण तिखटाने जीभ बधिर होते. आणि गुण लिहून होईपर्यंत कोणी बोलायचे नाही. एकाने मान डोलावली, की बाकीच्यांची जीभही तिकडेच झुकते. कागद सुटतात तेव्हा परदेशी बाटली कधी वर असते, कधी तळाला. नाव वाचून कोणाला बरोबर ओळखले असते, हे मग कोणीच छातीठोकपणे सांगत नाही.

महाराष्ट्राने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले आणि नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची लागवड वाढली. तिथल्या शेतकऱ्याच्या पाठीशी १८५५ची यादी नाही. ‘देशी म्हणजे दुय्यम’ हा निकाल बूच निघण्याआधीच लागत असेल, तर त्याच्या कष्टाला दाद मिळणार कुठून? वाइन वाईट असेल तर जरूर वाईट म्हणावे. पण चाखून म्हणावे, वाचून नव्हे.