अबोल बिघाड : तिगावच्या घाटापासून मोटारीतील हवेच्या पिशवीपर्यंत

नागपूरहून इटारसीकडे निघालेली आगगाडी पांढुर्णा सोडून तिगाव स्थानकात येते आणि तेथून पुढे चिचोंड्याच्या दिशेने सातपुड्याचा घाट सुरू होतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२०च्या दशकात हा मार्ग पुरा केला, तेव्हा हा सारा मुलूख मध्य प्रांतात होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. पुढे १९५६ साली प्रांतरचना बदलली, २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा निघाला. परंतु पांढुर्णा-सौंसरच्या मराठी माणसाचे दळणवळण नागपूरशीच राहिले. पूर्वी ते मुख्यत्वे रुळांवरून चाले, आता ते महामार्गावरून आणि पुष्कळसे खाजगी मोटारींतून चालते. प्रवासाचे साधन बदलले तसे प्रवाशाच्या रक्षणाचे साधनही बदलले. या दोन रक्षणसाधनांच्या स्वभावात एक मूलभूत भेद आहे. तो इतिहासाच्या आधारे वाचकांपुढे मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम आगगाडीचा ब्रेक पाहू. प्रारंभीच्या काळात ब्रेक हाताने आवळावे लागत. पुढे नळीवाटे सर्व डब्यांचे ब्रेक एकाच ठिकाणाहून चालविण्याची युक्ती निघाली. पण पहिल्या रचनेत एक दोष होता. नळी तुटली की ब्रेक लागतच नसे आणि तसे झाल्याचे गरज पडेपर्यंत कळत नसे. अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाऊस याने १८७२ साली ही रचना उलटी केली. नळीतील दाब कायम असेल तर ब्रेक सुटलेला राहावा आणि दाब गेला की तो आपोआप लागावा, असे नवे तत्त्व त्याने आणले. निर्वात ब्रेकमध्येही पुढे हेच तत्त्व आले. गाडी मध्येच तुटली, तर दोन्ही तुकडे जागीच थांबावेत, हा त्याचा अर्थ.

शहाणपण मात्र लगेच स्वीकारले गेले नाही. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे रविवारच्या शाळेतील मुलांना सहलीस नेणारी गाडी चढावर अडली. कर्मचाऱ्यांनी ती मधून सोडविली, आणि स्वयंचलित ब्रेक नसल्यामुळे मागचे डबे उतारावरून मागे घरंगळत जाऊन दुसऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसे मेली. त्यांत मुले बरीच होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचा करणारा कायदा केला.

सिग्नलची कथाही अशीच आहे. १८७६च्या जानेवारीत इंग्लंडमधील ॲबट्स रिप्टन येथे बर्फामुळे सिग्नलचे हात 'मार्ग मोकळा' या स्थितीतच गोठले आणि त्यावर विश्वासून आलेल्या गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्यानंतर सिग्नलचा हात एरवी 'थांबा' या स्थितीतच असावा, आणि तार तुटली तरी वजनाच्या ओढीने तो त्याच स्थितीत जावा, ही रीत रूढ झाली. आपल्यापैकी ज्या घराण्यांत रेल्वेची नोकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्यांना हे सांगण्याची गरज नाही. डब्यातील धोक्याची साखळी ओढली की गाडी थांबते, त्यामागेही हेच तत्त्व आहे. साखळी ओढल्याने नळीतील दाब बिघडतो आणि त्या बिघाडाचे फळ म्हणजे गाडी थांबणे. एकंदरीत, रक्षणसाधन बिघडले तर त्याने सुरक्षित बाजूस झुकावे आणि आपला बिघाड सर्वांना कळू द्यावा, हा रेल्वेने रक्त सांडून शिकलेला धडा आहे.

आता मोटारीकडे वळू. १९५९ साली व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन याने तीन ठिकाणी बांधलेला आसनपट्टा आणला आणि कंपनीने तो इतरांनाही वापरण्यास मोकळा ठेवला. पट्टा विरला, खटका बसेना, तर ते बहुधा डोळ्यांना दिसते. एअरबॅगचे तसे नाही. अमेरिकेतील जॉन हेट्रिक याला १९५३ साली अशा पिशवीचे पेटंट मिळाले. व्यवहारात ती रुळावयास मात्र पुढची तीन दशके लागली. टक्कर झाल्याचे संवेदकाने ओळखावयाचे, विजेने एका लहान धातूच्या डबीतील रसायन पेटवावयाचे, त्याच्या वायूने पिशवी फुगावयाची आणि हे सारे डोळ्याचे पाते लवण्याआधी, सेकंदाच्या तीसएक सहस्रांशांत उरकावयाचे! या डबीला इन्फ्लेटर म्हणतात.

येथेच अडचण आहे. आगगाडी थांबणे ही सुरक्षित अवस्था असते; एअरबॅगला तशी सुरक्षित बाजूच नाही. ती हवी तेव्हा उघडली नाही तर घात, आणि नको तेव्हा उघडली तरी घात. म्हणून बिघाड झाल्यास तिने कोणीकडे झुकावे, हे ठरविता येत नाही. शिवाय ती दहा-पंधरा वर्षे सुकाणूच्या चक्रात निजून असते आणि तिची परीक्षा एकदाच, ती देखील अपघातातच होते. यावर उपाय म्हणून चालकासमोर एक दिवा बसविलेला असतो. किल्ली फिरविली की तो लागतो, यंत्रणा स्वतःची तपासणी करते आणि सर्व ठीक असल्यास काही सेकंदांत तो विझतो. परंतु हा दिवा विजेच्या जोडणीची साक्ष देतो. डबीतील रसायन कोणत्या अवस्थेत आहे, हे त्याला कळत नाही. दिवा विझला म्हणजे सर्व कुशल आहे असे समजणे, हे गोठलेल्या सिग्नलवर विश्वासण्यासारखे ठरू शकते.

या अबोल बिघाडाची दोन उदाहरणे जगाने पाहिली. पहिले जनरल मोटर्सचे. तिच्या काही गाड्यांतील किल्लीचा स्विच इतका सैल होता, की धक्क्याने वा जड जुडग्याच्या ओझ्याने तो चालत्या गाडीत आपोआप मागे सरके. मग इंजिन बंद पडे आणि त्याबरोबर एअरबॅगही निकामी होई. कंपनीतील काहींना हा दोष बरीच वर्षे ठाऊक असूनही गाड्या माघारी बोलाविण्यास २०१४ साल उजाडले. नुकसानभरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

दुसरे उदाहरण जपानच्या टकाटा कंपनीचे. १९३३ साली कापडउद्योगातून उगम पावलेली ही कंपनी पुढे आसनपट्टे आणि एअरबॅग करू लागली. या शतकाच्या आरंभी तिने इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट वापरण्यास सुरुवात केली. या पदार्थाचा खत म्हणून उपयोग होतो आणि तो ओल धरतो. पावसाळ्यात खताच्या पोत्यात गाठी कशा होतात, हे आमच्या संत्रा-बागाईतदारांना सांगावयास नको. अमेरिकेच्या महामार्ग-सुरक्षा खात्याने २०१६ साली दोषाचे मूळ सांगितले ते असे : काळ, हवेतील दमटपणा आणि तीव्र उष्णतेचे चढउतार या तिहींच्या योगाने रसायनाच्या वड्या खराब होतात, मग त्या प्रमाणाबाहेर वेगाने जळतात, धातूची डबी फुटते आणि तिचे तुकडे बसलेल्या माणसाच्या अंगात घुसतात. ज्याने प्राण वाचवावा त्यानेच तो घ्यावा, असा हा प्रकार. पहिली माघार २००८ साली अवघ्या चारएक हजार गाड्यांची होती. पुढे एकट्या अमेरिकेत ती सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटरांवर गेली. तेथील मृत्यूंची नोंद २०२४पर्यंत २८ झाली. आपल्यासारख्याच उष्ण हवामानाच्या मलेशियात २०१४ साली होंडा सिटी गाडीत एक गर्भवती स्त्री याच कारणाने दगावली. कंपनीने चाचण्यांचे खोटे अहवाल ग्राहक-कंपन्यांना दिल्याचे उघड झाले. २०१७ साली तिने गुन्हा कबूल केला, शंभर कोटी डॉलरचा भुर्दंड मान्य केला आणि त्याच वर्षी दिवाळे काढले.

भारतही यातून सुटला नाही. होंडा कंपनीने येथे २०१५ साली २ लाख २३ हजारांवर, २०१६ साली १ लाख ९० हजारांवर आणि २०१७च्या जानेवारीत ४१ हजार ५८० गाड्या याच इन्फ्लेटरांसाठी माघारी बोलाविल्या. सिटी, जॅझ, सिव्हिक, अकॉर्ड अशी ही नावे. मध्यमवर्गाने अभिमानाने घेतलेल्या आणि दहा-बारा वर्षांनी दुसऱ्यास विकलेल्या गाड्या.

या शेवटच्या वाक्यात आमच्या सीमाभागाचा खरा प्रश्न आहे. नागपुरात वापरलेली मोटार काही वर्षांनी पांढुर्णा, सौंसर, तिगाव, मुलताई अशा ठिकाणी येते. मध्ये राज्याची हद्द असल्याने नागपूरच्या परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला घ्यावा लागतो, मग मध्य प्रदेशात नवी नोंदणी. सरकारी सेवेत आयुष्य काढलेल्या आम्हांस अशा कागदांचा प्रवास चांगला परिचित आहे. कायदा मुदती घालून देतो. व्यवहारात मात्र गाडी पुढे जाते आणि कागद मागे राहतो. कधी ती तिसऱ्या हाती गेली तरी नोंद पहिल्याच्याच नावावर असते. निर्मात्याचे माघारी बोलावण्याचे पत्र मग जाते ते नागपूरच्या जुन्या पत्त्यावर, आणि गाडी असते हद्दीपलीकडच्या एखाद्या अंगणात. यंत्र आधीच अबोल. त्याच्या वतीने बोलणारा कागदही वाटेत हरवतो. नागपूर-पांढुर्ण्याचा मे महिना आणि त्यापाठोपाठ येणारा पावसाळा ध्यानात घेता, उष्णता व ओल या दोहोंच्या बाबतीत आम्ही निश्चिंत राहावे असे काही नाही.

आपल्या कायद्याने या बाबतीत काय केले? २०१२ साली मोटार-उत्पादकांच्या संघटनेने माघारीची ऐच्छिक आचारसंहिता स्वीकारली. चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९पासून, तर शेजारच्या आसनासाठी २०२१ साली सक्तीची झाली. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम येऊन सदोष वाहने माघारी बोलाविण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि, २०२१ साली त्याखाली जे नियम झाले, त्यांत दोन गोष्टी विचार करण्याजोग्या आहेत. एक, हे नियम सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांपुरते आहेत; आणि टकाटाचा दोष तर वयाबरोबर वाढणारा. दुसरी, सक्तीच्या माघारीसाठी मालकांच्या तक्रारी ठराविक प्रमाणात याव्या लागतात. पण जो बिघाड आधी दिसतच नाही, त्याची तक्रार कोणी आणि केव्हा करावी? होंडाने २००३ सालापासूनच्या गाड्या बोलाविल्या, त्या हा कायदा येण्यापूर्वी आणि आपण होऊन, हेही येथे नमूद केले पाहिजे.

न्यायालयाने मात्र ग्राहकाची बाजू समजून घेतली. २०१७ साली दिल्ली-पानिपत महामार्गावर ह्युंदाई क्रेटा गाडीस अपघात झाला आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. एअरबॅग उघडण्याइतका आघात झालाच नव्हता, असा बचाव कंपनीने केला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२मध्ये तो अमान्य केला. टकरीचा वेग आणि बल यांचे गणित मांडणारा पदार्थविज्ञानाचा पंडित ग्राहकाने असावे अशी अपेक्षा करता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. भरपाईबरोबरच गाडी बदलून देण्याचा आदेशही कायम झाला. अबोल साधनाच्या वतीने उत्तर देण्याचे दायित्व ते करणाऱ्याचे आहे, हे तत्त्व यातून पुढे आले, असे आम्हांस वाटते.

रेल्वेच्या इतिहासाशी हे ताडून पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट होते. जेथे यंत्राला स्वतःचा बिघाड सांगण्यास शिकविता आले, तेथे माणसाचे ओझे हलके झाले. जेथे ते शक्य नाही, तेथे नोंदवही, तपासणी आणि पत्रव्यवहार यांनी ती उणीव भरून काढली पाहिजे. नोंदणीचे हस्तांतर ही केवळ कर वसुलीची बाब नाही, तर धोक्याची सूचना योग्य दारी पोहोचण्याची ती एकमेव वाट आहे. वयाची अट शिथिल व्हावी आणि परराज्यात नोंदणी होताना त्या वाहनावर माघारीची कारवाई बाकी आहे काय, हे कार्यालयातच पाहिले जावे, अशी सूचना आम्ही येथे करतो. तीस मोठा खर्च नाही.

तोवर आपल्या हाती जे आहे ते आपण करावे. घरी जुनी मोटार असेल, विशेषतः दुसऱ्याकडून घेतलेली, तर नोंदणी-पुस्तकातील चासी क्रमांक घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे किंवा संकेतस्थळावर चौकशी करावी. माघारीतील सुटा भाग कंपनी विनामूल्य बदलून देते. नोंद अद्याप जुन्या मालकाच्या नावावर असल्यास ती आपल्या नावे करून घ्यावी. किल्ली फिरविल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो की नाही हे पाहावे. तो लागलाच नाही किंवा विझलाच नाही, तर गाडी दाखवावी. आणि आसनपट्टा, पुढे बसा अथवा मागे, अवश्य बांधावा. एअरबॅगची रचनाच मुळी पट्टा बांधलेल्या माणसासाठी आहे. लहान मुलास पुढच्या आसनावर वा मांडीवर घेऊन बसू नये. एवढे केले तर त्या अबोल साधनाकडून आपण जी अपेक्षा धरून बसलो आहोत, तिला काही आधार तरी राहील.