रिसीव्हर जड का झाले?

पायोनियर कंपनीचा एसएक्स-१९८० हा १९७८ सालचा स्टिरिओ रिसीव्हर सुमारे ३५ किलो वजनाचा आहे. एकट्याने उचलायचा म्हणजे जिकिरीचेच काम. झाकण काढले की भलामोठा ट्रान्सफॉर्मर, डब्याएवढे कपॅसिटर आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची रांग दिसते. जुन्या यंत्रांचे शौकीन याचे श्रेय जपानी कारागिरीला देतात आणि ‘तेव्हाचा माल तो माल’ म्हणून मोकळे होतात. कारागिरी होतीच. पण एवढे तांबे आणि लोखंड आत का भरावे लागले, याचे उत्तर टोकियोच्या कारखान्यांइतकेच वॉशिंग्टनच्या एका सरकारी नियमात सापडते.

वॉटची भूक आधी स्पीकरने लावली. १९५४ साली एडगर विल्चर यांच्या अॅकॉस्टिक रिसर्च कंपनीने बंद पेटीतला एआर-१ स्पीकर आणला. लहान पेटीतून खोल खर्ज मिळू लागला, पण असा स्पीकर वाजवायला जास्त ताकदीचा अॅम्प्लिफायर हवा. साहजिकच जाहिरातीत वॉटचा आकडा सर्वांत ठळक झाला आणि तो फुगवण्याच्या युक्त्याही निघाल्या. दर चॅनेलला सलग २५ वॉट देणारे यंत्र घ्या. दोन्ही चॅनेलची बेरीज केली की ५०, आणि सरासरीऐवजी क्षणिक शिखर मोजले की १००. यात तांत्रिकदृष्ट्या खोटे काहीच नाही, पण गिऱ्हाईक मात्र फसते.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम नोव्हेंबर १९७४ मध्ये लागू झाला आणि या पळवाटा बंद झाल्या. एसएक्स-१९८०च्या माहितीपत्रकातली ओळच पाहा: दर चॅनेलला २७० वॉट, ८ ओहमवर, २० ते २०,००० हर्ट्झ, विकृती जास्तीत जास्त ०.०३ टक्के. ही ओळ म्हणजे जणू त्या नियमाचा नमुना अर्ज. ताकद सलग मोजायची, दोन्ही चॅनेल एकाच वेळी पूर्ण चालवून मोजायची आणि सोबतच्या अटीही सांगायच्या. खरी मेख पुढे होती. मोजणीआधी यंत्र एक तृतीयांश ताकदीवर तासभर चालवणे बंधनकारक होते. नेहमीच्या ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायरमध्ये सर्वाधिक उष्णता पूर्ण ताकदीवर होत नाही. ती साधारण ४० टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे चाचणी जवळपास सर्वांत तापदायक ठिकाणी. त्यात टिकायचे तर हीटसिंक आणि ट्रान्सफॉर्मर मोठे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. मोजमाप सारखे झाल्यावर स्पर्धाही खऱ्या वॉटची झाली. पायोनियरच्याच रिसीव्हरची ताकद १९७६ मध्ये दर चॅनेलला १६० वॉट होती, ती दोनच वर्षांत २७० झाली.

यावर पहिला आक्षेप असा की प्रामाणिक यंत्रे नियमाआधीही बनत. सॉल मॅरान्ट्झ यांची व्हॉल्व्हची यंत्रे दर्जासाठी नावाजलेली होती. मॅकिंटॉश कंपनी तर १९६२ पासून दुकानांत शिबिरे भरवून कोणाचाही अॅम्प्लिफायर फुकट तपासून देई. पण ही महागड्या यंत्रांची दुनिया होती. टेन-बी ट्यूनर विकसित करण्याच्या खर्चाने जेरीस येऊन मॅरान्ट्झ यांना १९६४ साली कंपनी सुपरस्कोपला विकावी लागली. सचोटी कंपनीच्या मर्जीवर सोडली तर ती मूठभर श्रीमंतांपुरतीच राहते. नियमाने ती मध्यम किमतीच्या यंत्रांपर्यंत आणली. दुसरा आक्षेप स्वस्त येनचा. १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन मिळत, म्हणून जपानी माल परवडे हे खरेच. पण १९७८ मध्ये डॉलर २०० येनच्याही खाली घसरला आणि सर्वांत जड रिसीव्हर आले ते नेमके त्याच वर्षी. तिसरा आक्षेप मात्र मान्य करायला हवा. १६० वरून २७० वॉटवर गेल्याने आवाज वाढतो तो जेमतेम सव्वादोन डेसिबलने. नियमाने आकडा खरा केला; शर्यत शहाणी करणे त्याच्या हातात नव्हते.

असा नियम नसला की काय होते, हे आपल्याकडच्या १९९०च्या दशकातल्या टू-इन-वनवर दिसले. दर्शनी भागावर ‘पीएमपीओ’चे शेकडो वॉट झळकत. त्या मापाची सर्वमान्य व्याख्याच नव्हती, आणि मागच्या पट्टीवरचा विजेचा खप त्या आकड्याच्या जवळपासही नसे. अमेरिकेतही २००० साली पूर्वतापनाची अट एक तृतीयांशावरून एक अष्टमांशावर आली. त्यामुळे जुने यंत्र घेताना निव्वळ वजनावर किंवा ब्रँडच्या नावावर भुलू नये. सलग वॉट, ओहम, हर्ट्झची कक्षा आणि विकृती या चार गोष्टी माहितीपत्रकात एकत्र आहेत का, ते पाहावे. यातली एक जरी गायब असेल, तर उरलेला आकडा जाहिरातीचा समजावा.